वाचकांचे प्रश्न : ताण, ताकद आणि दमसास एकाच आठवड्यात

मागच्या अंकात या सदरात धावपटूंना आठवड्यातून दोन दिवस वजने उचलण्याचा सल्ला दिला होता. त्यावर आलेल्या बहुतेक पत्रांतील अडचण एकच आहे : हाताशी वेळ तेवढाच, शरीरही तेच, मग ताणाचे व्यायाम, ताकदीचे व्यायाम आणि दमसास वाढवणारे व्यायाम या तिन्हींत कशाला किती वेळ द्यायचा आणि कशानंतर काय करायचे? त्यांपैकी सहा पत्रे येथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले असून पत्रांची भाषा थोडी आटोपशीर केली आहे.

प्रश्न : मी चार वर्षांपासून आठवड्यातून चार दिवस धावतो आणि १० किलोमीटरच्या शर्यतींत भाग घेतो. व्यायामशाळेतील मित्र म्हणतात की धावण्याने कमावलेली ताकद झिजते. बरोबर धावणारे म्हणतात की वजने उचलली की अंग जड होते. खरे कोणाचे मानावे?

उत्तर : दोघांच्याही म्हणण्याला थोडा आधार आहे, पण आपल्याला लागू पडेल इतका तो कोणाच्याच म्हणण्याला नाही.

व्यायामशाळेतील मित्रांचा समज ज्या प्रयोगापर्यंत मागे नेता येतो, तो रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० साली प्रसिद्ध केला. त्यात १० आठवडे एका गटाने आठवड्यातून ५ दिवस पायांची ताकद वाढवणारे व्यायाम केले, दुसऱ्या गटाने ६ दिवस सायकल व धावणे असे दमसासाचे व्यायाम केले, आणि तिसऱ्या गटाने हे दोन्ही केले. तिसऱ्या गटाचा दमसास दुसऱ्या गटाइतकाच वाढला. त्यांची ताकद मात्र साधारण सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत चढत गेली, मग थांबली आणि शेवटच्या दोन आठवड्यांत चक्क उतरली. तेव्हापासून एका व्यायामाने दुसऱ्याच्या लाभात अडथळा येतो ही कल्पना रूढ झाली, आणि पुढे तिला पेशींच्या पातळीवरचे स्पष्टीकरणही मिळाले : दीर्घकाळच्या श्रमाने पेशीतील ऊर्जा कमी झाली की एएमपीके हे विकर जागे होते, आणि स्नायूंच्या वाढीला चालना देणाऱ्या एमटॉर या यंत्रणेला ते आवर घालते. स्पष्टीकरण सुबक आहे. माणसाच्या शरीरात मात्र ते इतके सरळ रेषेत चालताना दिसत नाही.

या प्रयोगाचा निष्कर्ष सांगणारे त्यातील मात्रा सांगायला बहुधा विसरतात. तिसऱ्या गटाने आठवड्याला एकूण ११ सत्रे केली, तीही जोरकस, आणि बहुतेक सगळा भार पायांवरच होता. अशा माणसाची ताकद आठव्या आठवड्यात थांबली यात मला नवल वाटत नाही. ती तोवर वाढत राहिली याचेच वाटते. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या २०२२ सालच्या एका आढाव्यात असे दिसले की दोन्ही प्रकारचे व्यायाम एकाच काळात केल्याने स्नायूंची वाढ आणि कमाल ताकद यांना सर्वसाधारणपणे धक्का लागत नाही. झटक्यात जोर लावण्याची क्षमता, म्हणजे उंच उडी, एकदम मुसंडी मारणे यांसारख्या हालचालींत लागते ती, तेवढी थोडी कमी वाढते, आणि तेही मुख्यतः दोन्ही व्यायाम एकाच सत्रात लागोपाठ केले तर.

आता धावणाऱ्या सोबत्यांच्या भीतीबद्दल. आठवड्यातून चार दिवस धावणाऱ्या माणसाचे वजन दोन दिवसांच्या ताकदीच्या व्यायामाने लक्षात येईल इतके वाढणे अवघड असते. लाभ मात्र मोजण्याइतका होतो : काही महिने जड वजनांचे किंवा उड्यांचे व्यायाम केलेल्या मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूंना त्याच वेगाने धावताना काही टक्के कमी प्राणवायू पुरतो, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. यात ‘जड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. ‘मी धावपटू, मला हलकी वजनेच बरी’ असे म्हणून २५-३० आवृत्त्या (एकच हालचाल सलग तितक्या वेळा) करत बसणे म्हणजे धावण्याने होणारेच काम पुन्हा एकदा वाईट रीतीने करणे होय. पहिले सहा ते आठ आठवडे हालचाल नीट शिकण्यासाठी मध्यम वजनाने ८ ते १२ आवृत्त्या कराव्यात आणि नंतर हळूहळू ४ ते ६ आवृत्त्यांच्या वजनापर्यंत जावे. प्रत्येक सेट, म्हणजे सलग केलेल्या आवृत्त्यांचा संच, अशा ठिकाणी थांबवावा की आणखी दोन आवृत्त्या निघाल्या असत्या. सेटच्या शेवटी हात-पाय थरथरेपर्यंत जाण्याचा हट्ट धावपटूला परवडत नाही, कारण त्याची किंमत दुसऱ्या दिवशीच्या धावण्यात मोजावी लागते.

प्रश्न : नोकरीमुळे मला आठवड्याला जेमतेम पाच तास मिळतात आणि तेही बहुतेक संध्याकाळीच. ताकद आणि धावणे एकाच दिवशी करावे लागते. आधी काय करावे? आणि दोन्ही एकाच दिवशी करण्यापेक्षा एक दिवस हे, एक दिवस ते असे करणे चांगले नाही का?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला सध्या काय हवे आहे त्यावर ठरते. एकाच सत्रात दोन्ही करायचे असतील तर ज्या गुणाला आज महत्त्व आहे तो ताज्या अंगाने करावा. पायांची ताकद वाढवणे हे उद्दिष्ट असेल तर वजने आधी आणि धावणे नंतर. या क्रमाने ताकदीचा लाभ थोडा अधिक होतो आणि दमसासाच्या लाभात क्रमाने फारसा फरक पडत नाही, असेच बहुतेक अभ्यास सांगतात. मात्र त्या दिवशीचे धावणे वेगाचे असेल, ठरावीक वेळेत ठरावीक अंतर कापायचे असेल, तर आधी धावावे. थकलेल्या पायांनी वेगात धावताना पाऊल टाकण्याची ढब बिघडते आणि बिघडलेल्या ढबीची आवृत्ती करणे हा काही सराव नव्हे. ज्यांना सकाळ-संध्याकाळ अशी विभागणी करता येते त्यांनी दोन सत्रांत निदान सहा तासांचे अंतर ठेवावे आणि मधल्या वेळात पोटभर जेवावे.

दुसऱ्या प्रश्नावर माझे मत बहुतेकांच्या सवयीच्या विरुद्ध जाते. एक दिवस जड वजने, दुसऱ्या दिवशी वेगाचे धावणे, तिसऱ्या दिवशी पुन्हा वजने अशी मांडणी कागदावर समतोल दिसते. पण पायांच्या दृष्टीने पाहिले तर त्यांना विश्रांतीचा एकही दिवस मिळत नाही. बैठकांचा खरा शीण अनेकदा दुसऱ्या नव्हे तर तिसऱ्या दिवशी जाणवतो. म्हणून कठीण काम कठीण दिवशीच आटोपावे आणि सोपा दिवस मनापासून सोपा ठेवावा. वेगाचे धावणे आणि वजने एकाच दिवशी घेतली की तो दिवस जड जातो हे खरे. पण त्याच्या आजूबाजूचे दिवस मोकळे होतात.

आपल्या पाच तासांत हे असे बसवता येईल. मंगळवारी १५ मिनिटांची शरीर तापवणारी तयारी, मग मध्ये उसंत घेत ३ ते ४ मिनिटांची पाच वेगवान धावणी, आणि त्यानंतर अर्धा तास वजने : बैठका, कंबरेतून वाकून वजन उचलणे, एका पायावरची एखादी हालचाल आणि ओढण्याचा एक व्यायाम, प्रत्येकी दोन ते तीन सेट. बुधवार रिकामा. गुरुवारी ४५ मिनिटे इतके सावकाश धावणे की शेजारच्याशी पूर्ण वाक्यांत बोलता यावे. त्यानंतर १० मिनिटे ताणाचे व्यायाम. शुक्रवारी पुन्हा वजने, या वेळी धावण्याविना आणि सुरुवातीला दोन-तीन सेट उड्यांसह, कारण उडी मारायला पाय ताजे लागतात. शनिवार रिकामा, आणि रविवारी सव्वा तास संथ धावणे. हे सारे साडेचार तासांच्या आसपास जाते. उरलेला अर्धा तास भरून काढण्याचा मोह होईल, तो टाळावा. कोणत्याही आठवड्यात काहीतरी लांबतेच.

या वेळापत्रकातील सर्वांत अवघड भाग कोणता, असे विचाराल तर मी गुरुवारचे सावकाश धावणे सांगेन. वेळ कमी असलेल्या माणसाला सावकाश धावण्यात वेळ वाया जातो असे वाटते आणि तो रोजच मध्यम वेगाने, धापा टाकत धावतो. त्यामुळे त्याचा प्रत्येक दिवस थोडा थोडा कठीण होतो आणि मंगळवारी खरोखर जोर लावायची वेळ आली की जोरच शिल्लक नसतो. ताकदीचे व्यायाम जोडल्यावर प्रकृती बिघडलेल्या ज्या धावपटूंशी माझा संबंध आला, त्यांतील बहुतेकांच्या बाबतीत दोष वजनांचा नव्हता. सोपे दिवस सोपे न ठेवण्याचा होता.

प्रश्न : मी फुटबॉल खेळतो. सामन्यापूर्वी १५ मिनिटे न चुकता स्ट्रेचिंग करतो, प्रत्येक स्नायू दीड-दोन मिनिटे ताणून धरतो. तरीही गेल्या हंगामात मांडीच्या मागचा स्नायू दोनदा दुखावला. स्ट्रेचिंग कमी पडते आहे का?

उत्तर : कमी पडत नाही, चुकीच्या कामावर लावले गेले आहे. स्नायू एकाच स्थितीत ६० सेकंदांहून अधिक काळ ताणून धरला की त्यानंतर काही काळ त्याची ताकद आणि झटका किंचित घटतो. ३० सेकंदांच्या आतबाहेरचा ताण घेऊन नंतर नीट तयारी केली तर हा तोटा नगण्य असतो. तेव्हा दीड-दोन मिनिटांचा ताण सामन्याच्या तोंडावर नको, हा पहिला बदल.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. व्यायामाआधी स्थिर ताण घेतल्याने दुखापत टळते हा समज फार जुना आहे, पण तपासणीत तो टिकला नाही. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातील १,५३८ नव्या जवानांवर झालेल्या आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या जवानांनी १२ आठवडे व्यायामापूर्वी पायांचे स्नायू ताणले, उरलेल्यांनी ताणले नाहीत. पायांच्या दुखापतींत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

आपला स्नायू नेमका केव्हा दुखावतो हे पाहिले की कारण उमजते. पूर्ण वेगात धावताना पुढे झेपावलेला पाय जमिनीवर टेकण्याच्या जरा आधी मांडीच्या मागचा स्नायू लांबत असतो आणि त्याच क्षणी पुढे जाणाऱ्या नडगीला लगाम घालण्यासाठी तो जोरही लावत असतो. लांबता लांबता जोर लावणे हे त्याचे काम आहे. आरामात उभे राहून ताणताना यातील फक्त लांबण्याचा सराव होतो, लगाम घालण्याचा होत नाही. तो सराव ‘नॉर्डिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यायामाने होतो : गुडघ्यांवर उभे राहावे, जोडीदाराने घोटे घट्ट धरावेत आणि गुडघ्यांपासून खांद्यांपर्यंत शरीर सरळ ठेवून शक्य तितक्या सावकाश पुढे झुकत जमिनीकडे जावे, तोल सुटला की हातांनी सावरावे. हा व्यायाम असलेले कार्यक्रम नेमाने करणाऱ्या संघांत या स्नायूच्या दुखापती सुमारे निम्म्यावर आल्या आहेत. सुरुवात आठवड्यातून एकदा, पाच-पाच आवृत्त्यांच्या दोन सेटने करावी आणि काही आठवड्यांत तीन सेटपर्यंत जावे. पहिल्या खेपेस दोन-तीन दिवस मांड्या चांगल्याच ठणकतात, म्हणून तो सामन्याच्या आदल्या दिवशी कधीही करू नये.

सामन्यापूर्वीच्या त्या १५ मिनिटांत हलके धावणे, पाय पुढे-मागे झुलवणे, चालत चालत लंज (लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत खाली जाणे), दिशा बदलत धावणे आणि शेवटी वेग वाढवत नेलेल्या चार-पाच धावा एवढे घ्यावे. फिफाने खेळाडूंसाठी तयार करवून घेतलेला ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा कार्यक्रम याच धर्तीचा आहे. त्यात धावणे, ताकद, तोल आणि उड्या एकत्र गुंफल्या आहेत. सरावाला आठवड्यातून निदान दोनदा तो पूर्ण करावा. आणि सरावात आठवड्यातून एकदा तरी पूर्ण वेगाने धावून घ्यावे. ज्या स्नायूने आठवडाभर पूर्ण वेग पाहिलेलाच नाही, त्याच्याकडून तो सामन्याच्या ८० व्या मिनिटाला मागणे अन्यायाचे आहे. दोनदा दुखावलेल्या स्नायूची ताकद दुसऱ्या पायाच्या तुलनेत किती आहे, हे भौतिकोपचार तज्ज्ञाकडून हंगामापूर्वी मोजून घ्यावे.

प्रश्न : दोन महिने रोज ताणूनही वाकल्यावर माझे हात पायाच्या बोटांपर्यंत पोहोचत नाहीत. आता वजने उचलायला लागलो तर अंग आणखी आखडेल, अशी भीती वाटते.

उत्तर : भीती उलट आहे. हालचालीचा पूर्ण आवाका वापरून केलेले ताकदीचे व्यायाम सांध्यांची हालचाल साधारण ताणाच्या व्यायामांइतकीच वाढवतात, असे तुलनात्मक अभ्यासांत आढळले आहे. आखडते ते अर्धवट हालचालीने. गुडघे किंचित वाकवून, पाठ सरळ ठेवून, नितंब मागे ढकलत हातातले वजन नडग्यांपर्यंत सावकाश उतरवावे आणि तळाशी क्षणभर थांबावे. हा व्यायाम मांडीच्या मागच्या भागाला ताणही देतो आणि ताकदही.

ताणाचा स्वतंत्र व्यायाम करायचा तर प्रत्येक स्नायूगटासाठी १० ते ३० सेकंदांचे ताण, एकूण सुमारे ६० सेकंद, आठवड्यातून किमान दोन-तीन दिवस हे प्रमाण प्रौढांसाठी पुरेसे मानले जाते. अंग तापलेले असताना करावे, म्हणजे व्यायाम संपल्यावर. सुरुवातीच्या आठवड्यांत वाढतो तो स्नायू नव्हे, तर ताण सहन करण्याची मज्जासंस्थेची तयारी. म्हणूनच दुखेपर्यंत ताणले की प्रगती खुंटते : शरीर अंग चोरते.

जाता जाता एक सांगावेसे वाटते. हात बोटांना लागणे हे आपल्या खेळाला हवे आहे का, याचा विचार करावा. जिम्नॅस्ट किंवा अडथळ्यांची शर्यत धावणारा याला जो आवाका लागतो तो लांब पल्ल्याच्या धावपटूला लागत नाही. उलट त्याच्या पोटरीचा व टाचेचा कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, थोडा ताठ असला तर प्रत्येक पावलाला स्प्रिंगसारखी उसळी मिळते. खेळाला लागतो त्याहून थोडा अधिक आवाका असावा, एवढे ध्येय ठेवले तरी भागते.

प्रश्न : व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी अंग दुखू नये म्हणून किती वेळ स्ट्रेचिंग करावे?

उत्तर : त्या कारणासाठी अजिबात नको. व्यायामाआधी, नंतर किंवा दोन्ही वेळा ताणूनही या दुखण्यात जाणवेल एवढा फरक पडत नाही. तो पडतो व्यायामाची मात्रा हळूहळू वाढवल्याने. एकदा सोसलेला भार पुढच्या खेपेस कमी दुखतो.

प्रश्न : माझी १३ वर्षांची मुलगी शाळेच्या संघातून मध्यम पल्ल्याच्या शर्यती धावते. प्रशिक्षकांनी तिला ताकदीचे व्यायाम सुरू करायला सांगितले आहे. या वयात वजने उचलल्याने उंची खुंटते का? आणि स्पर्धेच्या दिवसांत हे सारे चालू ठेवायचे की थांबवायचे?

उत्तर : जाणकार व्यक्तीच्या देखरेखीखाली, हालचाल नीट शिकून केलेल्या ताकदीच्या व्यायामांनी उंची खुंटते याला आधार मिळालेला नाही. धोका असतो तो देखरेखीविना जड वजन उचलण्याच्या चढाओढीत, म्हणून एका दमात जास्तीत जास्त किती उचलता येते हे पाहण्याचा खेळ या वयात होऊ देऊ नये. स्वतःच्या वजनावरच्या बैठका, जोर, प्लँक (कोपरे व पायांची बोटे टेकून शरीर सरळ धरून ठेवणे), एका पायावर तोल सांभाळणे आणि हलक्या डंबेलने शिकलेल्या हालचाली, आठवड्यातून दोनदा २०-३० मिनिटे, एवढे पुरे. या वयात ताकद वाढते ती मुख्यतः स्नायू वापरण्याचे कौशल्य आल्याने, त्यामुळे स्नायू दिसत नाहीत म्हणून निराश होऊ नये आणि तिलाही होऊ देऊ नये.

उंची झपाट्याने वाढत असतानाचे काही महिने मात्र जपावे लागतात. हाडे लांब होतात, स्नायू व कंडरा मागे राहतात, आणि मुलीचे अंग अचानक आखडल्यासारखे किंवा हालचाली बेंगरूळ झाल्यासारख्या वाटतात. गुडघ्याखाली किंवा टाचेला होणारे दुखणे याच काळात डोके वर काढते. तेव्हा ताणाचा जोर वाढवून ते ‘मोकळे’ करण्याचा आग्रह न धरता धावण्याचे व उड्यांचे प्रमाण कमी करावे आणि दुखणे दोन आठवड्यांत ओसरले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. तिची पाळी सुरू झाली असेल आणि नंतर तीन महिने किंवा अधिक काळ ती आली नाही, तर तेही डॉक्टरांना सांगावे. श्रमाच्या मानाने आहार कमी पडत असल्याची ती खूण असू शकते आणि त्याचा परिणाम हाडांवर होतो.

स्पर्धेच्या दिवसांबद्दल विचारलेला प्रश्न मोठ्यांनाही लागू आहे. कमावण्यासाठी जितके श्रम लागतात त्याच्या बऱ्याच कमी श्रमांत कमावलेले टिकवता येते. ताकद आठवड्यातून एका छोट्या सत्रावर कित्येक आठवडे टिकते. दमसासही सत्रांची संख्या आणि वेळ घटवून टिकवता येतो. अट एकच, की जोर कमी करायचा नाही. वजन तेच ठेवून सेट कमी करावेत, वेग तोच ठेवून अंतर कमी करावे. नेमके याच्या उलट सर्रास केले जाते : स्पर्धा जवळ आली की वजने हलकी होतात, धावणे संथ होते, आणि तास तेवढेच राहतात.

मुख्य स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांत एकूण धावणे टप्प्याटप्प्याने साधारण निम्म्यापर्यंत आणावे, पण वेगाच्या छोट्या धावा शेवटपर्यंत ठेवाव्यात. आपल्या मुलीच्या बाबतीत ताकदीचे शेवटचे सत्र स्पर्धेच्या सात दिवस आधी आटोपावे. मोठ्यांनी जड वजने दहा दिवस आधीच थांबवली तरी चालतील. ताणाचे व्यायाम नेहमीचेच करावेत, आणि एखाद्या मैत्रिणीने दाखवलेला नवा ताण किंवा नवी उडी कितीही आकर्षक वाटली तरी ती स्पर्धेनंतरच्या आठवड्यासाठी वहीत लिहून ठेवायला सांगावी.